संस्कृत आली म्हणजे मराठी येते का? डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर

एप्रिल महिन्यात कुवेतमधील भारतीय शाळांचे नवे वर्ष सुरू होते आणि सालमिया, अब्बासिया, मंगाफ येथील अनेक मराठी घरांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. मुलाने आणखी एक भाषा म्हणून काय घ्यावे, फ्रेंच की संस्कृत? फ्रेंचच्या बाजूने पुढील शिक्षणाचा विचार असतो. संस्कृतच्या बाजूने बहुधा एकच युक्तिवाद होतो: संस्कृत ही मूळ भाषा आहे, ती पक्की झाली की मराठी, हिंदी, गुजराती आपोआप सोप्या होतील. युरोपातही पिढ्यान्‌पिढ्या हाच युक्तिवाद लॅटिनविषयी होत आला आहे. लॅटिन शिका, म्हणजे फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज हाताशी येतील, असे तिकडचे शिक्षक सांगत आले.

या समजुतीत तथ्य किती आणि स्वतःचे समाधान किती, हे तपासण्यासाठी एका मराठी माणसाचे चरित्र फार उपयोगी पडते. त्याने ही भाषाकुळे नुसती वाचली नाहीत, तर आयुष्यभर त्यांचा हिशेब मांडला. पुण्यातील ज्या संशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे, तिच्यामुळे ते नाव आपल्याला ठाऊक असते. त्यांनी भाषांविषयी काय सांगितले, ते मात्र फारसे कोणी वाचत नाही.

मालवणचे घर, रत्नागिरीची शाळा

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. घरची परिस्थिती बेताची होती. दक्षिण कोकणातील सारस्वत कुटुंबाच्या कानांवर तेव्हा जी बोली पडत असे, ती पुण्याच्या मराठीपासून बरीच दूरची आणि गोव्याच्या बोलीला जवळची होती. शाळेत ग्रंथांची मराठी, बाजारात मालवणी, देवघरात पाठ केलेले संस्कृत श्लोक, अशा तीन थरांत हे बालपण गेले. एकाच वस्तूला घरी एक शब्द, पुस्तकात दुसरा आणि स्तोत्रात तिसरा असतो, हा अनुभव कोकणातल्या मुलाला शास्त्र म्हणून शिकवावा लागत नाही.

वडिलांची बदली रत्नागिरीला झाली आणि तेथील इंग्रजी शाळेमुळे मुलाचे भवितव्य बदलले. तेथून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. दादाभाई नौरोजी तेव्हा तेथे गणिताचे अध्यापन करीत. तरुण भांडारकरांचा ओढाही गणित, इतिहास आणि इंग्रजी या विषयांकडे होता. संस्कृतचा पद्धतशीर अभ्यास त्यांनी अजून केलाच नव्हता. पुढे ज्याला संस्कृतचा आद्य आधुनिक भारतीय पंडित म्हणून जगाने ओळखले, त्याने विशीपर्यंत ही भाषा नीट हाताळली नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वळण आले ते दक्षिणा फेलोशिपमुळे. पेशव्यांच्या काळी विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजी राजवटीत शिक्षणाकडे वळवण्यात आला होता आणि त्यातून होतकरू तरुणांना वेतन मिळे. १८५९ मध्ये भांडारकर दक्षिणा फेलो झाले. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे प्रमुख हॉवर्ड यांनी त्यांना संस्कृतचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. पुण्याच्या वास्तव्यात त्यांनी शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण, न्याय आणि वेदान्त यांचे पाठ घेतले. इंग्रजी तर्कपद्धतीत घडलेला बावीस-तेवीस वर्षांचा तरुण जुन्या परंपरेच्या गुरूंपुढे नवशिक्या होऊन बसला.

१८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली पदवीधर तुकडी बाहेर पडली. त्या चार नावांत महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्यासह भांडारकरांचे नाव होते. पुढच्याच वर्षी ते एम.ए. झाले.

शिकवणाऱ्याचा प्रश्न

एम.ए. झाल्यावर त्यांना सिंधमधील हैदराबादच्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा मिळाली. ती नेमणूक फार काळ टिकली नाही. १८६५ मध्ये ते रत्नागिरीच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक होऊन कोकणात परतले. परंतु त्या वास्तव्याने एक वेगळी भगिनीभाषा त्यांच्या कानांवर घातली. मराठीत ज्याला आपण ‘हात’ म्हणतो आणि हिंदीत ‘हाथ’, त्याला सिंधी माणूस ‘हथु’ म्हणतो. शब्दाच्या शेवटचा जो आखूड स्वर मराठीने आणि हिंदीने कधीच टाकून दिला, तो सिंधीने जपून ठेवला आहे. असा तपशील प्रत्यक्ष कानांनी टिपल्यावर जसा मनात राहतो, तसा कोशात वाचून राहत नाही.

याच काळात त्यांच्यापुढे शिक्षक म्हणून एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. इंग्रजी शाळांत संस्कृत शिकवायचे होते, पण शिकवण्यासाठी पुस्तक नव्हते. पाठशाळेची पद्धत अशी, की आधी रूपे, धातू आणि सूत्रे मुखोद्गत करायची. अर्थ पुढे कधीतरी उमगेल. युरोपीय पंडितांची व्याकरणे होती, पण ती लॅटिन आणि ग्रीक शिकलेल्या वाचकासाठी रचलेली होती. रत्नागिरीच्या मुलाला लॅटिनची विभक्ती ठाऊक नव्हती. मराठीची मात्र होती.

भांडारकरांनी १८६४ मध्ये संस्कृतचे पहिले पुस्तक आणि १८६८ मध्ये दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले. ‘मार्गोपदेशिका’ आणि ‘मंदिरान्तःप्रवेशिका’ या नावांनी ती घरोघरी पोहोचली. थोडे नियम, थोडे शब्द, लगेच वाक्ये. संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात भाषांतर. पुढच्या पाठात आणखी थोडे नियम. आज ही रचना अगदी साधी वाटते, कारण पुढच्या पिढ्यांनी ती सर्वत्र उचलली. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी याच पुस्तकांवरून संस्कृतचा श्रीगणेशा केला असेल.

या पुस्तकांच्या यशाचे मर्म एवढेच, की शिकणाऱ्याच्या हाती आधीपासून जे आहे, त्यावर त्यांनी इमारत उभारली. मुलाला ज्ञात असलेल्या भाषेकडून अज्ञात भाषेकडे न्यायचे, ही त्यांची दिशा होती. आज आपण मुलांच्या बाबतीत नेमकी उलट दिशा गृहीत धरतो, हे येथे नोंदवून पुढे जाऊ.

दुय्यम जागा, पहिले व्याख्यान

१८६८ च्या अखेरीपासून भांडारकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम हंगामी म्हणून पाहू लागले. कामात कसूर नव्हती, विद्वत्तेविषयी शंका नव्हती. पण कायम जागा भरण्याची वेळ आली तेव्हा १८७३ मध्ये स्कॉटलंडहून पीटर पीटरसन यांना आणण्यात आले आणि भांडारकर त्यांचे सहायक राहिले. ज्या भाषेची परंपरा आपल्या दारात नांदते, ती शिकवण्याचा अधिकार मात्र दुसऱ्या खंडातून यावा, हे त्या काळच्या सुशिक्षितांना सलले. भांडारकरांनी कटुता धरली नाही. पुढे हस्तलिखितांच्या शोधात या दोघांनी एकाच खात्यासाठी वर्षानुवर्षे काम केले. परदेशी नोकरीत आपल्याहून कमी अनुभवाचा माणूस केवळ पारपत्राच्या रंगामुळे वरच्या खुर्चीवर बसलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा प्रसंग अधिक समजावून सांगावा लागणार नाही.

भांडारकरांचे उत्तर कामातून आले. १८७४ मध्ये लंडनला प्राच्यविद्या परिषद भरली. त्यांना जाता आले नाही, पण नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा त्यांचा निबंध तेथे पोहोचला. १८७६ मध्ये भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ची त्यांची आवृत्ती निघाली. आणि १८७७ मध्ये डॉ. जॉन विल्सन या मिशनरी विद्वानाच्या नावाने सुरू झालेल्या भाषाशास्त्रविषयक व्याख्यानमालेसाठी विद्यापीठाने भांडारकरांना निमंत्रित केले.

विषय होता संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा. सात व्याख्यानांत त्यांनी वेदांच्या भाषेपासून सुरुवात करून पाली, प्राकृते, अपभ्रंश आणि अखेर मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी, पंजाबी, बंगाली, उडिया येथपर्यंतचा प्रवास मांडला. कोकणातील आणि गोव्यातील बोलींचे पुरावेही त्यांनी मानाने पुढे ठेवले. युरोपातील विद्वान संस्कृतकडे लॅटिन-ग्रीकच्या वाटेने आले होते. मुलींच्या बोलण्यातले बारकावे त्यांना पुस्तकांतून गोळा करावे लागत. भांडारकरांना ते मालवणच्या अंगणात मिळाले होते. ज्या गोष्टीमुळे ते सरकारी श्रेणीत दुय्यम ठरले, तिच्यामुळेच या विषयात ते अग्रस्थानी आले.

आई, आजी आणि मुली

त्या व्याख्यानांत जे सूत्र आहे ते आज समजून घ्यायचे, तर लॅटिन आणि तिच्या मुलींची उदाहरणे शेजारी ठेवणे सोयीचे पडते.

लॅटिनमध्ये रात्रीला ‘नोक्तेम’, आठला ‘ओक्तो’ आणि दुधाला ‘लाक्तेम’ असे शब्द आहेत. तिन्हींत ‘क्त’ हे जोडाक्षर आहे. इटालियनमध्ये त्यांची ‘नोत्ते’, ‘ओत्तो’, ‘लात्ते’ अशी रूपे झाली. स्पॅनिशमध्ये तीच ‘नोचे’, ‘ओचो’, ‘लेचे’ झाली. म्हणजे जिथे इटालियन माणूस ‘त्त’ म्हणतो, तिथे स्पॅनिश माणूस ‘च’ म्हणतो. बदल मनमानी नाही. त्याला नियम आहे.

आता आपल्याकडे पाहा. संस्कृत ‘सप्त’ प्राकृतात ‘सत्त’ झाला आणि मराठीत ‘सात’. ‘हस्त’चा ‘हत्थ’ आणि मग ‘हात’. ‘कर्ण’चा ‘कण्ण’ आणि मग ‘कान’. ‘दुग्ध’चा ‘दुद्ध’ आणि मग ‘दूध’. जोडाक्षर आधी एकजीव होते, मग त्यातले एक अक्षर गळते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. पंजाबी मधल्याच पायरीवर थांबली, म्हणून तिथे आजही ‘सत्त’ आणि ‘हत्थ’ ऐकू येतात. ‘क्ष’चे पाहा: ‘क्षेत्र’चे हिंदीत ‘खेत’, मराठीत ‘शेत’, ‘मक्षिका’ची हिंदीत ‘मक्खी’, मराठीत ‘माशी’, ‘इक्षु’चा हिंदीत ‘ईख’, मराठीत ‘ऊस’. अपवाद आहेतच; ‘रक्ष’ धातूपासून मराठीनेही ‘राखणे’ घडवले. तरी ज्याला मराठी आणि थोडी संस्कृत येते, तो हिंदीतले पुष्कळ शब्द ओळखू शकतो, कारण दोन मुलींमधला दुवा त्याला दिसतो.

ज्यांनी येथे आधी पुस्तकी अरबी शिकून मग कुवेती माणसाशी बोलण्याचा प्रयत्न केला, त्यांनी हाच खेळ अनुभवला असेल. ग्रंथातली ‘कहवा’ दिवाणियात ‘गहवा’ होते, ‘दजाज’ म्हणजे कोंबडी ‘दियाय’ होते. नियम एकदा ध्यानात आला की दहा शब्द एकदम उलगडतात. पण ‘काय हवे?’ हे विचारताना कुवेती माणूस ‘शतबी’ म्हणतो, आणि ‘आत्ता’ला ‘अल्-हीन’. तेथे पुस्तकी अरबीचा नियम हाताशी येत नाही. ते ऐकूनच शिकावे लागते.

भांडारकरांच्या मांडणीतला पहिला महत्त्वाचा मुद्दा येथे आहे. संस्कृत आणि मराठी यांच्यामध्ये प्राकृतांची मोठी पायरी आहे आणि ती टाळून चालत नाही. आजच्या भाषा म्हणजे बिघडलेली संस्कृत नव्हे. त्या आपापल्या नियमांनी वाढलेल्या भाषा आहेत आणि त्या नियमांचा शोध घेणे, हे शास्त्राचे काम आहे. एकोणिसाव्या शतकात, जेव्हा मराठीच्या तद्भव शब्दांकडे अशुद्ध म्हणून पाहणारे पंडित थोडे नव्हते, तेव्हा संस्कृतच्या एका अग्रगण्य जाणकाराने हे सांगणे साधी गोष्ट नव्हती.

घोडा कोठून आला?

मूळ भाषेच्या उपयोगाची मर्यादा एका घोड्यावरून नीट कळते. लॅटिनमध्ये घोड्याला ‘एक्वुस’ म्हणतात. लॅटिन शिकलेला विद्यार्थी हा शब्द पहिल्या काही पाठांत घोकतो. मग तो माद्रिदला जातो, रोमला जातो, पॅरिसला जातो आणि पाहतो तो घोड्याला लोक ‘काबायो’, ‘काव्हाल्लो’, ‘शव्हाल’ म्हणतात. हे शब्द ‘काबाल्लुस’ या दुसऱ्याच शब्दापासून आले. तो साध्या, कामाच्या घोड्याचा बाजारी शब्द होता. रोमन कवींचा शब्द या तिन्ही भाषांच्या रोजच्या बोलण्यातून गेला, हमालांचा टिकला.

आपल्याकडेही नेमके हेच झाले. संस्कृतचा अभिजात शब्द ‘अश्व’. मराठीत, हिंदीत, गुजरातीत मात्र ‘घोडा’. तो ‘घोटक’ या मागाहून रूढ झालेल्या शब्दाशी जोडलेला आहे. ‘जल’ आणि ‘उदक’ पूजेत राहिले, तहान लागल्यावर आपण ‘पानीय’पासून आलेले ‘पाणी’ मागतो. मुलींनी आईच्या कपाटातली भरजरी वस्त्रे नेली नाहीत. रोजच्या वापरातली लुगडी नेली.

शिवाय जे शब्द जसेच्या तसे आले, त्यांनीही अर्थ बदलले. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे. हिंदीत आजही तसेच. मराठी मुलाला मात्र शिक्षा झाली म्हणजे त्याने अंगठे धरले. ‘राग’ हा संस्कृतात प्रेमाचा आणि रंगाचा शब्द, मराठीत संतापाचा. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘संसार’ तिकडे सारे जग, आपल्याकडे दोन खोल्यांचे घर. केवळ संस्कृतच्या बळावर मराठी बोलू जाणारा माणूस येथे हमखास फसतो.

तरीही मूळ भाषा एके ठिकाणी असा प्रकाश टाकते, की तो अन्य कशानेही पडत नाही. परदेशात वाढलेले मूल ‘मी चहा घेतला’ बरोबर म्हणते, पण ‘मी कॉफी घेतला’ असेही म्हणून जाते. मुलगा असो वा मुलगी, ‘मी कॉफी घेतली’च का, याचे उत्तर आईवडिलांना देता येत नाही. उत्तर संस्कृतात आहे. ‘मया पुस्तकं पठितम्’, म्हणजे माझ्याकडून पुस्तक वाचले गेले, या कर्मणी रचनेपासून आपला भूतकाळ निघाला. म्हणून ‘त्याने पोळी खाल्ली’, ‘तिने आंबा खाल्ला’. क्रियापद खाणाऱ्याकडे पाहत नाही, खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. भूतकाळाची ही रचना जुन्या धातुसाधितातून कशी आली, हे भांडारकरांनी नव्या भाषांच्या रूपांची छाननी करताना दाखवले. फ्रेंच शिकणाऱ्या मुलांनाही याच जातीची अडचण येते: भूतकाळाच्या काही वाक्यांत धातुसाधित आधी आलेल्या कर्माचे लिंगवचन घेते. कारणही त्याच जातीचे आहे. लॅटिनमधील ‘लिहिलेली पत्रे माझ्याजवळ आहेत’ अशा धाटणीच्या वाक्यातून तो भूतकाळ जन्मला.

परंतु कारण कळणे वेगळे आणि जिभेवर बसणे वेगळे. मालवणातील चार वर्षांचे पोर संस्कृतचे एक अक्षर न शिकता हे वाक्य अचूक बोलते, कारण दिवसभर ते त्याच्या कानांवर पडते.

मानसन्मान आणि मराठी प्रार्थना

व्याख्यानांनंतरची वर्षे कीर्तीची होती. १८८२ मध्ये भांडारकर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात कीलहॉर्न यांच्या जागी संस्कृतचे प्राध्यापक झाले. १८८४ मध्ये दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचा ग्रंथ आला. १८८५ मध्ये जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही सन्माननीय पदवी दिली आणि १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला ते जातीने उपस्थित राहिले. १८९३ मध्ये, ज्या विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीचे ते पदवीधर, त्याच विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले. १९११ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

या सन्मानांपेक्षा त्यांच्या आयुष्यातील दोन गोष्टी आपल्या प्रश्नाला अधिक जवळच्या आहेत. पहिली अशी, की ग्रंथांचे ज्ञान त्यांनी ग्रंथांपुरते ठेवले नाही. १८९१ मध्ये त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे निर्विवाद होता, त्याने तो अधिकार आपल्या घरातल्या निर्णयाने सिद्ध केला.

दुसरी गोष्ट भाषेची. प्रार्थनासमाजाचे ते आधारस्तंभ होते. उपासनेला उभे राहिल्यावर हा संस्कृतचा महापंडित मराठीतून बोले आणि तुकोबांच्या अभंगांचा आधार घेई. उपनिषदे आणि गीता त्यांच्या जवळच होत्या. पण जमलेल्या स्त्रीपुरुषांच्या अंतःकरणाला भिडायचे तर ते मराठीतच, हे त्यांनी जाणले होते. त्यांचे सहाध्यायी न्यायमूर्ती रानडे यांनी विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून बाहेर पडलेल्या मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. संस्कृतचा दरवाजा उघडा होता म्हणून मराठीची सोय आपोआप झाली, असे त्या पिढीच्याही अनुभवाला आले नाही. मराठीसाठी मराठीचाच दरवाजा उघडावा लागला.

विल्सन व्याख्याने ग्रंथरूपाने १९१४ मध्ये, म्हणजे दिली गेल्यावर ३७ वर्षांनी प्रसिद्ध झाली. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची स्थापना झाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेला दिला. याच संस्थेने पुढे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ते काम १९६६ पर्यंत चालले. भांडारकरांचे निधन २४ ऑगस्ट १९२५ रोजी झाले. ती ऋषिपंचमी होती.

मग मुलाने काय घ्यावे?

भांडारकरांच्या वाटचालीचा क्रम पाहिला, तर उत्तर त्या क्रमातच आहे. आधी कोकणातली बोली, मग शाळेची मराठी, मग इंग्रजी, आणि विशी ओलांडल्यावर संस्कृत. मुलींकडून ते आईकडे गेले आणि आईची ओळख झाल्यावर पुन्हा मुलींकडे आले. त्यांना संस्कृतने मराठी दिली नाही. मराठी त्यांच्याजवळ होतीच. संस्कृतने त्यांना मराठीचे कारण दिले, तिच्या बहिणींशी असलेले नाते दाखवले आणि तिच्याविषयीचा आदर वाढवला.

म्हणून ज्या घरात मराठी बोलली जाते, त्या घरातील मुलाने संस्कृत अवश्य घ्यावी. त्याचे शुद्धलेखन सुधारेल, तत्सम शब्दांचा साठा वाढेल, हिंदी-गुजरातीचे नाते कळेल आणि ‘कॉफी घेतली’चे कोडे सुटेल. पण ज्या घरात जेवणाच्या टेबलावर इंग्रजीच चालते, तेथे शाळेतल्या आठवड्याच्या मोजक्या तासांत संस्कृत शिकून मूल मराठी बोलू लागेल, ही आशा धरू नये. तसेच फ्रेंच घेणाऱ्या मुलाला आधी लॅटिन शिकवण्याची गरज नाही. फ्रेंच नीट आली, तर उद्या स्पॅनिश शिकताना ती बहिणीच्या नात्याने लॅटिनपेक्षा अधिक मदत करील. हिंदी येणाऱ्याला गुजराती जशी लवकर येते, तसेच हे.

आपल्या मुलांची मराठी सुटत चालली आहे, याची टोचणी परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला असते. त्या टोचणीवर संस्कृतचा विषय निवडणे हा सोपा उपाय वाटतो, कारण त्यासाठी शाळेच्या अर्जावर एक खूण करावी लागते, एवढेच. घरी मराठी बोलण्यासाठी मात्र रोज वेळ काढावा लागतो, मुलाने इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर द्यावे लागते आणि त्याने चुकतमाकत बोललेले धीराने ऐकावे लागते. भांडारकरांसारख्या पंडितालाही हा पहिला धडा पाठशाळेत मिळाला नव्हता. तो त्यांना मालवणच्या घरात, घरच्या माणसांच्या तोंडून, कोणी शिकवतो आहे हे न कळता मिळाला होता.